ऑल्डरशॉच्या जॅमची पोर

आमच्या थॉर्नक्लफमध्ये येऊन अल्मा डकवर्थ कुठं राहते असं विचाराल तर निम्मं गाव डोकं खाजवेल. जॅमची पोर कुठं राहते असं विचारा, लोक हाताला धरून तिच्या दारापर्यंत आणून सोडतील. बाईनं पंचाहत्तरी ओलांडली, जिना चढताना गुडघे शिव्या घालतात, तरी गावाच्या लेखी ती पोर ती पोरच.

ही सगळी करणी ऑल्डरशॉच्या रास्पबेरी जॅमची. दुसरी मोठी लढाई संपून तीन-चार वर्षं झाली, जॅमवरचं रेशन उठलं आणि गावातल्या एकूण एक किराणा दुकानात गल्ल्यामागे एक पत्र्याची पाटी लागली. कुरळ्या केसांची सहा वर्षांची मुलगी, केसांत लाल रिबन, गालावर जॅमचा ठिपका, हातातला ब्रेड तुमच्यापुढं धरलेला. हसू असं, की बघणाऱ्याला वाटावं या पोरीवर घरात कधी कुणी ओरडलंच नसेल. खाली गोल गोल अक्षरांत लिहिलं होतं: 'ब्रेडचा तुकडा, भरला चमचा, ऑल्डरशॉ आपल्या घरचा.' कोपऱ्यात किंमत, एक शिलिंग दोन पेन्स. ती मुलगी म्हणजे आमची अल्मा. कुरळे केस पुढं तापानं गेले आणि सरळ उगवले, पण नाक, डोळे, हनुवटी तीच, असं सगळं गाव शपथेवर सांगायचं.

पुढं ऑल्डरशॉचा कारखाना बंद पडला, त्या जागी गालिच्यांचं दुकान आलं. पाट्या भंगारात गेल्या. अख्ख्या लँकशर परगण्यात शोधूनही त्यातली एक मिळाली नाही, आणि शोधणारी अल्मा म्हणजे काही साधीसुधी नव्हे. जुन्या जाहिरातींवर तिचा जीव. तिच्या स्वयंपाकघरात भिंत दिसतच नाही. मोहरीची पूड, बूटपॉलिश, कपड्यांची नीळ, खोकल्याच्या गोळ्या, सगळ्यांच्या पाट्या एकमेकींना खेटून उभ्या.

"त्या जाहिरातींना रीतभात होती," ती म्हणायची. "टोपी काढून दाराशी उभ्या राहायच्या. आताच्या फोनमधून उडी मारून गळाच धरतात. आणि कुणीतरी माणूस जीभ दातांत धरून एकेक अक्षर रंगवायचा. तो अक्षराचा बाक बघ. असा बाक काढायला जेवणाची वेळ चुकवावी लागते."

किमतींवर तर तिचं त्याहून प्रेम. पौंडाचा, म्हणजे वीस शिलिंगांचा झगा दुकानदार एकोणीस शिलिंग अकरा पेन्सला लावायचा. फरक एका पेनीचा, पण बाईमाणसाला घरी जाऊन छातीठोकपणे सांगता यायचं, की पौंड मोडला नाही. यात अल्माला दुकानदाराची लबाडी नाही, माया दिसायची. एकाहत्तर साली सरकारनं शिलिंग घालवला आणि शंभर पेन्सचा सुटसुटीत पौंड आणला, त्याबद्दल तिनं सरकारला अजून माफ केलेलं नाही. "बारा पेन्सचा शिलिंग तिघांत वाटता येतो, चौघांत वाटता येतो, सहांत वाटता येतो," ती म्हणायची. "दहाचे तीन सारखे वाटे करून दाखवा म्हणावं."

"वाटायला शिलिंग होता कुणाकडे?" असं मग कोपऱ्यातून मॉड विचारायची.

मॉड ही अल्माची थोरली बहीण. दहा वर्षांनी मोठी, बिनलग्नाची, सारं आयुष्य गिरणीत मागावर काढलेली. यंत्रांच्या खडखडाटात राहून मोठ्यानं बोलायची सवय लागली ती लागलीच, आणि डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल गिरणी बंद पडून चाळीस वर्षं झाली तरी सुटला नाही. अल्माचा नवरा सिरिल गेल्यावर दोघी बहिणी एका घरात राहू लागल्या. मॉडला जुन्या दिवसांचं काडीचं कौतुक नव्हतं. "जुने दिवस म्हणे," ती फणकारायची. "संडास अंगणाच्या टोकाला आणि जानेवारीत कडीला बर्फ. त्याची पण एक पाटी लाव भिंतीवर."

आणि जॅमचा विषय निघाला की ती कोट चढवून तिच्या भाजीच्या वाफ्याकडे चालू लागायची. दर वेळी. नातेवाईक बसलेले असोत, नाताळचं जेवण चालू असो, कुणी 'अल्मा, तो सीगलचा किस्सा सांग ना' म्हणालं की मॉड उठलीच. अल्मानं त्याचा अर्थ फार पूर्वी लावून टाकला होता. मॉडच्या पोटात दुखतं. बिचारी. तिच्याकडं कुणी कधी वळून बघितलं नाही, आणि धाकट्या बहिणीला मात्र सगळं गाव जॅमची पोर म्हणून डोक्यावर घेतं. अल्माला तिची कीव यायची, आणि कीव केल्याचं थोडं समाधानही वाटायचं. माणसाचा स्वभाव आहे, चालायचंच.

तर यंदा फेब्रुवारीत चमत्कार झाला. हिंडलचं जुनं किराणा दुकान इक्बालनं फोनदुरुस्तीसाठी घेतलं, माळा उपसला, आणि तिथं पोत्याखाली ऑल्डरशॉची पाटी निघाली. धुरानं आणि चरबीनं काळी पडलेली, पण शाबूत. इक्बालनं ती चॅपलला, आमच्या गावच्या छोट्या चर्चला, देऊन टाकली. शनिवारी चॅपलच्या सभागृहात 'जुन्या पैशांचा दिवस' होता. दारात नवे पैसे द्यायचे, पुठ्ठ्याचे शिलिंग घ्यायचे, आणि जुन्या भावात चहा, मटण-बटाटा भरलेली खारी पेस्ट्री आणि आल्याचा केक खायचा. हे सगळं उभं करणारा क्लिफर्ड हॉलगेट, रेल्वेच्या तिकीटखिडकीवरचा निवृत्त कारकून, स्वतः ती पाटी चादरीत गुंडाळून अल्माच्या घरी घेऊन आला.

"पुसून काढायची तर तुझ्याच हातानं," तो म्हणाला. "शनिवारी पडदा तू उघडायचास, दोन शब्द तू बोलायचेस. वर्तमानपत्राचा माणूस येतोय. पोरीला पोरीशेजारी उभं करून फोटो घ्यायचाय त्याला."

त्याच्याबरोबर चॅपलच्या नव्या पाद्रीणबाई आल्या होत्या, तिशीच्या, गोड स्वभावाच्या. त्यांनी पाटीवरचा एक, तिरकी रेघ आणि दोन असा आकडा वाचला आणि विचारलं, "अर्धा? अर्ध्या किमतीत द्यायचे का?"

"एक शिलिंग दोन पेन्स, बाई," क्लिफर्ड म्हणाला. "शनिवारी तुम्ही चहाच्या किटलीपाशी थांबा. केकच्या पाटीवर दीड शिलिंग म्हणून एक, रेघ, सहा असं लिहिलंय, तुम्ही लोकांना एकाचा सहावा हिस्सा कापून द्याल."

मॉडनं तोवर कोट चढवला होता.

गुरुवारी सकाळी अल्मानं टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, कोमट पाण्यात साबण कालवला, कापसाचे बोळे घेतले आणि ती कामाला लागली. अशा कामात तिचा हात धरणारं कुणी नाही. आधी रिबन उजळली, मग गाल, मग जॅमचा तो ठिपका. इतक्या वर्षांनी तो चेहरा समोर बघून तिला भरून आलं. मी अशी होते, ती मनात म्हणाली, आणि कुणाचं काय बिघडलं मी त्याचा थोडा अभिमान बाळगला तर.

मग ती कोपऱ्यातल्या किमतीकडं वळली. बोळा फिरवताना आकड्याची कड हलली. तिला वाटलं रंगाचा पोपडा सुटतोय. पण तो रंग नव्हताच. कागद होता. त्याच लाल रंगात छापलेली, वर रोगण मारलेली चिठ्ठी, पत्र्यावर चिकटवलेली. पाण्यानं तिची खळ सुटली आणि ती अल्माच्या बोटाला चिकटून अलगद वर आली.

खाली, पत्र्यावरच छापलेली, खरी किंमत होती. साडेसात पेन्स.

अल्मानं आकडा पुन्हा वाचला. तुम्हाआम्हाला तो नुसता आकडा. पण त्या पिढीच्या माणसांना किंमत दाखवा, ती साल सांगतील. त्यांचं पंचांगच ते. सिनेमाचं तिकीट इतक्याला होतं म्हणजे आजोबा जिवंत होते, पाव इतक्याचा झाला म्हणजे थोरला शाळेत जायला लागला होता. आणि साडेसात पेन्सला रास्पबेरी जॅमची बरणी लढाईच्या आधी मिळायची. लढाईनंतर या भावात ती कुणी बघितली नाही. हे अल्माला जितकं पक्कं ठाऊक होतं, तितकंच हेही ठाऊक होतं, की आपण जन्मलो लढाईच्या ऐन मध्यात.

तिनं पळवाटा शोधल्या. भाव छापताना चुकले असतील. पत्रा जुना वापरून चित्र नवं काढलं असेल. पण चित्र आणि साडेसात पेन्स एकाच छापाचे होते, रिबनचा लाल रंग आणि आकड्याचा लाल रंग एक. अर्थ सरळ होता. लढाईच्या आधीच्या उन्हाळ्यात ऑल्डरशॉनं पाट्या छापल्या, लढाई लागली, पाट्या वखारीत पडून राहिल्या. रेशन उठल्यावर त्यांनी नव्या छापायचा खर्च वाचवला, आणि विक्रेत्यांच्या हाती चिठ्ठ्या देऊन त्याच पाट्या दुकानांत टांगल्या.

मग मला आठवतं ते काय? समुद्रकाठच्या मोरकम गावची वाळू, फोटोवाल्याचं काळं फडकं, त्याच्या बुटांचा करकर आवाज, आणि तो सीगल पक्षी, ज्यानं पहिला ब्रेड हातातून झडप घालून नेला. फोटोवाला त्याच्यामागं फडकं घेऊन धावला आणि वाळूत आपटला, म्हणून तर पोर एवढी हसतेय. सगळं तिला डोळ्यांपुढं दिसायचं. पण आता, ओला बोळा हातात धरून, तिनं आयुष्यात पहिल्यांदा हिशेब लावला. मोरकमला मी पहिल्यांदा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बाबांना गिरणीत नवी जागा मिळाली होती, त्या वर्षी.

मागचं दार उघडून मॉड आत आली. हातात कांद्याच्या लांबट पातीच्या जुड्या, बुटांना चिखल. अल्मानं पाटीकडं बोट दाखवलं.

मॉडनं चष्मा न लावताच बघितलं. "निघाली होय चिठ्ठी," ती म्हणाली. "पिठाची खळ असणार. ऑल्डरशॉवाले पहिल्यापासून चिक्कू."

"तुला माहीत होतं."

"मला नसेल तर कुणाला असेल? माझंच थोबाड आहे ते."

अल्माला आधी रागच आला. वाईट वाटणं नंतरचं. "सत्तर वर्षं तू मला वेडी बनवलंस," ती म्हणाली. "सत्तर वर्षं मी लोकांना सांगत हिंडले. सीगल, फडकं. लोकांच्या लग्नांत सांगितलं मी. आणि तू तोंड शिवून बसलीस."

"बसले नाही. उठून वाफ्यावर जायचे."

"मॉड, मस्करी नको."

मॉडनं पात सिंकमध्ये टाकली, नळ सोडला, आणि पाठ फिरवूनच बोलायला लागली. तिचा तो गिरणीतला आवाज त्या दिवशी खाली आला होता.

"तू साथीच्या हॉस्पिटलातून आलीस तेव्हा तुझं डोकं सोललेल्या बटाट्यासारखं होतं. सहा आठवडे आईला तू काचेतून दिसायचीस, बस. घरी आलीस ती टेबलाखाली जाऊन बसलीस. पोरं भिंतीवरून ओरडायची, टकली टकली करून. तू बोलेनास, खाईनास. आईनं खीर केली, शेजारून अंडं मागून आणलं. तू दात उघडशील तर शपथ. आई रात्री जिन्यात बसून रडायची. मग एका शनिवारी मी तुला उचललं, शालीत गुंडाळलं आणि हिंडलच्या दुकानात नेलं. आणि तिथं ही पाटी. त्याच सकाळी लागली होती."

"मग?"

"मग तू विचारलंस, ती छान मुलगी कोण. हॉस्पिटलातून आल्यापासून तुझ्या तोंडून निघालेले पहिले शब्द. मी सांगणारच होते. ओठांवर आलं होतं. पण तू एकदा तिच्या केसांकडं बघायचीस आणि एकदा आपल्या डोक्यावरून हात फिरवायचीस." मॉडनं एका पातीची मुळं कराकर तोडली. "तर मी म्हटलं, तू. तूच आहेस ती, तापाच्या आधीची. केस येतील परत असेच. कुरळे काही आले नाहीत, त्याला माझा इलाज नव्हता."

"आणि मी ऐकलं."

"घरी येऊन दोन तुकडे खाल्लेस, जॅम लावून. ताटली चाटलीस. आई बघतच राहिली, आणि मग तिनंही माझीच री ओढली. मग रोज झोपताना विचारायचीस, माझा फोटो कसा काढला ते सांग. मी सांगायचे. फडकं सांगितलं, सीगल सांगितला. माझ्यापाशी एवढं एकच होतं सांगण्यासारखं." तिनं नळ बंद केला. "जाहिरातीनं माणसाचं भलं झालेलं मी आयुष्यात तेवढं एकदाच बघितलं."

अल्मानं मनात वर्षं लावून बघितली. मॉडचा फोटो निघाला तेव्हा ती सहा वर्षांची. पाटी लागली तेव्हा सोळा. "दहा वर्षं तू ती पाटी लागायची वाट बघितली असशील."

"बघितली," मॉड म्हणाली. "लढाई संपल्यावर तर दर शनिवारी हिंडलच्या काचेला नाक लावायचे. गिरणीत दोघीतिघींना बोलूनही बसले होते, बघाच म्हणून. त्यांना मग सांगितलं, थाप मारली होती."

"आणि मी म्हणायचे तुझ्या पोटात दुखतं."

"ठाऊक आहे. तू सिरिलला सांगायचीस तेव्हा मी शेजारच्याच घरात होते, आणि भिंती पातळ." मॉडनं हात पुसले आणि ती टेबलापाशी आली. पाटीकडं न बघता तिनं ती ओली चिठ्ठी उचलून अल्माच्या तळहातावर ठेवली. "खळ कर आणि लाव परत. शनिवारी दोन शब्द बोल, चहा पी, घरी ये. मी पंच्याऐंशीची झाले, मला आता जॅमची पोर होऊन काय गावाला मुके द्यायचेत? लाव म्हणते ना."

अल्मानं लावली. पिठाची खळ केली, चिठ्ठी बसवली, कडा बोटानं दाबल्या. तुम्ही म्हणाल, काय ही बाई. पण तिच्या जागी उभं राहून बघा. नाव, नवरा, गावातली ओळख, आरशात बघायची हिंमत, सगळं तिला त्या पत्र्यातून मिळालं होतं. ते परत केलं तर मागं उरते कोण, याची तिला खरीखुरी भीती वाटत होती.

शनिवारी सभागृह तुडुंब भरलं. दारात क्लिफर्ड पुठ्ठ्याचे शिलिंग मोजून देत होता आणि प्रत्येकाला जुन्या भावांवर प्रवचन देत होता. म्हातारी मंडळी खुशीत होती. सहा पेन्सचा चहा बघून एकानं कपाला टोपी काढून सलाम केला. मॉड एप्रन बांधून मागं किटलीपाशी उभी, पाद्रीणबाईंना चहा किती कडक करायचा ते शिकवत होती.

चादर ओढली तेव्हा सगळ्या सभागृहातून 'अहाहा' निघालं. काय सुंदर काम होतं ते. रंग कालच भरल्यासारखे, अक्षरांचे बाक तसेच डौलदार, आणि मध्ये ती पोर, सबंध गावापुढं ब्रेड धरून हसणारी. पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघींनी रुमाल काढले. ती पाटी ज्या दुकानांत होती ती दुकानं, त्या दुकानांत ज्यांचा हात धरून गेलो ती माणसं, सगळं एकदम समोर येऊन उभं राहिलं असणार. अल्माही पाटीकडं बघत होती आणि तिला खरंच वाटलं, की जगात आजवर यापेक्षा देखणी जाहिरात कुणी केली नाही.

तिनं बोलायला सुरुवात केली. मोरकमची वाळू झाली, फडकं झालं, करकरणारे बूट झाले. गोष्ट तोंडपाठ, जीभ आपोआप चालत होती. "आणि तेवढ्यात वरून," ती म्हणाली, आणि तिची नजर सहज मागं गेली.

किटलीपाशी मॉड हसत होती. सीगल अजून आलाच नव्हता. अल्माच्या तोंडून तो निघायच्या आधीच मॉडला तो दिसला होता, आणि फोटोवाला वाळूत आपटायच्या आधीच ती हसून मोकळी झाली होती. कुणी बघत नाही अशा समजुतीनं, तोंडासमोर हात धरून, पंच्याऐंशी वर्षांची बाई हसत होती, आणि ते हसू आणि पाटीवरचं हसू एकच होतं. कुणी आजवर शेजारी शेजारी ठेवून बघितलं नव्हतं, एवढंच.

"वरून काय?" पुढून कुणीतरी विचारलं.

अल्मानं टेबल पुसायचं ओलं फडकं उचललं, पाटीच्या कोपऱ्यावर धरलं, आणि सगळे बघत असताना नखानं ती चिठ्ठी सोलून काढली.

पहिल्या रांगेत कुजबुज झाली. "साडेसात." मग दुसऱ्या रांगेत. "साडेसात पेन्स." मग ती मागं मागं सरकत गेली, आणि ज्या ज्या रांगेत म्हातारी माणसं होती तिथं तिथं ती थांबली आणि शांतता पसरली. तरुण मंडळी एकमेकांची तोंडं बघत होती. पाद्रीणबाई तर पुरत्या गोंधळल्या. पण सत्तरीपुढच्या प्रत्येकाला कळलं होतं, अल्मानं एक शब्दही न बोलता.

"लढाईच्या आधीची आहे ही," क्लिफर्ड हळूच म्हणाला. "अल्मा, पण तू तर..."

"मी तर जन्मलेही नव्हते," अल्मा म्हणाली. "ही माझी बहीण आहे. सीगल तिचा, फडकं तिचं, हसू तिचं. मी आजारी होते तेव्हा तिनं ते मला दिलं आणि परत कधी मागितलं नाही. आणि मी तिला आयुष्यभर हेवेखोर म्हणत आले. मला त्याची लाज वाटते. ती बघा, किटलीपाशी उभी आहे. मॉड, तो रुमाल काढ."

"काढते बरी," मॉड तिथून ओरडली. "चहा उकळून कडू झाला इथं. गप्प बसा आणि केक कापा."

पण हिंडलच्या थोरल्या सुनेनं तिला सोडलं नाही. तिनं मागून जाऊन गाठ सोडली, आणि रुमालाखालून मॉडचे केस बाहेर आले. पांढरेशुभ्र आणि गच्च कुरळे. टाळ्या वाजायला लागल्या त्या थांबेनात. मॉड किटलीमागं लाल होऊन उभी राहिली, आणि वर्तमानपत्राचा माणूस जवळ आला तेव्हा तिनं त्याला चहाचा डाव दाखवून लांब केलं.

मग लोक केककडं वळले, खुर्च्यांचा आवाज सुरू झाला, तशी मॉड हात पुसत पुसत पुढं आली. पाटीसमोर थांबली. एप्रनच्या खिशातून चष्मा काढला, काच पुसली, डोळ्यांवर चढवला आणि बघायला लागली. बराच वेळ बघत राहिली.

"मी कधी नीट बघितलीच नव्हती गं," ती म्हणाली. "त्या दिवशी दुकानात बघितली तेवढीच. तुझी म्हणून सांगितलं, मग टक लावून बघत बसणं बरं दिसलं नसतं." तिनं बोट पुढं करून त्या गालाला हलकेच लावलं. "बरी दिसायचे की मी, अल्मा. मला कुणी कधी सांगितलंच नाही."

अल्माला रडू फुटलं. तिनं दोन खुर्च्या पाटीसमोर ओढल्या, एकीत मॉडला बसवलं, दुसरीत आपण बसली, आणि तिचा खरखरीत हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"मी सांगते," ती म्हणाली. "सगळं आहे माझ्यापाशी. ऐक. शाळेत मिस पिकप म्हणायची, या पोरीचे डोळे बघितले की फळ्यावरचं गणित विसरायला होतं. ते तुझे डोळे. कोळसेवाला एकदा गाडी थांबवून म्हणाला, हे हसू विकत मिळालं असतं तर माझ्या आजारी आईला नेलं असतं. तेही तुझं. आणि सिरिल नाचाच्या हॉलमध्ये पहिल्या दिवशी काय म्हणाला..."

"सिरिलचं राहू दे," मॉड म्हणाली. "ते तुझं तू ठेव."

"बरं. मग मागल्या आळीतला तो पोस्टमन काय म्हणायचा ते ऐक," अल्मा म्हणाली, आणि सत्तर वर्षांत लोक जे जे बोलून गेले होते ते एकेक करून ती ज्याचं त्याला देत राहिली. मॉड पाटीकडं बघत ऐकत होती, आणि मधेच म्हणत होती, "आणखी सांग."